जिद्द होतीच हो, रजा कुठे होती?

मसाले मिसळणाऱ्या बाईचे हात कसे होतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. रंगलेली नखं, बोटांना आग आणि साबणाने कितीदाही धुतले तरी न जाणारा वास. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात १९९३ साली तिशीची एक बाई हेच काम करत होती. मांसविक्रीच्या धंद्यात लागणारे मसाले मिसळायचे, पगार घ्यायचा आणि उरलेल्या वेळात फुटबॉल खेळायचा. हो, फुटबॉलच!

त्या वर्षी तिच्या देशाने महिलांचा राष्ट्रीय फुटबॉल संघ पहिल्यांदा अधिकृतपणे मैदानात उतरवला आणि त्यात तिचं नाव आलं. ३० मे १९९३ रोजी शेजारच्या स्वाझीलंडशी सामना झाला. (या देशाला आता एस्वातिनी म्हणतात.) दक्षिण आफ्रिकेच्या बायकांनी तब्बल चौदा गोल ठोकले, समोरच्यांना एकही करता आला नाही. त्या चौदांतले तीन गोल आपल्या या मसालेवालीचे. देशासाठी पहिलाच सामना आणि पहिल्याच सामन्यात हॅटट्रिक!

आता तुम्हाला वाटेल, परत आल्यावर तिचा सत्कार झाला असेल. शाल, श्रीफळ, चार शब्द कौतुकाचे. श्रीफळ मिळालं खरं, पण वेगळ्या अर्थाने. देशाच्या संघासाठी कामावरून सुट्टी घेतली म्हणून तिची नोकरी गेली. मैदानावर तीन गोल आणि कामावर हातात नारळ!

या बाईचं नाव डेझिरी एलिस. पुढे ती देशाची कर्णधार झाली. निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाली. तिच्या हाताखाली संघ आफ्रिका खंडाचा विजेता ठरला. आफ्रिकेतली वर्षातली सर्वोत्तम महिला संघ-प्रशिक्षक हा मान तिला २०१८, २०१९, २०२२ आणि २०२३ असा चार वेळा मिळाला.

झाली की नाही छान यशोगाथा? महिला दिनाच्या आठवड्यात अशा गोष्टींचा पूर येतो. 'संकटांवर मात करून', 'जिद्दीच्या जोरावर', 'परिस्थितीशी दोन हात करत'. आपणही वाचतो, गहिवरतो, कात्रण कापून लेकीला देतो. "बघ, इच्छा असली की मार्ग सापडतो!" असं तिला ऐकवतोही.

मला मात्र हल्ली या जिद्दीच्या कौतुकाचा राग यायला लागलाय. जिद्द वाईट म्हणून नव्हे. तिच्या जिद्दीचे पोवाडे गायले की तिची नोकरी काढून घेणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून. बाईने सोसलं, ती तरली, टाळ्या! पण तिला सोसायला लावलं कुणी, आणि तिच्याबरोबरच्या ज्या तरल्या नाहीत त्यांचं काय झालं? हे प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडून जातात. म्हणून आज डेझिरीची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने बघू या. तिने काय मिळवलं याबरोबर तिचं काय काय काढून घेतलं गेलं, त्याचाही हिशेब मांडू या.

डेझिरीचा जन्म १४ मार्च १९६३ चा, केप टाउनच्या सॉल्ट रिव्हर भागातला. ही कष्टकऱ्यांची वस्ती. रेल्वेचे कारखाने, कपड्यांचे कारखाने आणि त्यात राबणारी माणसं. देशात तेव्हा वर्णद्वेषाचं राज्य होतं. कुणी कुठे राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुठल्या बाकावर बसायचं, सगळं कातडीच्या रंगावरून कायद्याने ठरायचं. सॉल्ट रिव्हरपासून जवळच डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची नांदती वस्ती होती. १९६६ साली सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसांना तिथून हुसकावलं. घरांवर बुलडोझर फिरले. डेझिरी तेव्हा तीन वर्षांची होती.

अशा शहरात गोरी नसलेली एक पोर गल्लीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळत मोठी झाली. पंधरा-सोळा वर्षांची झाली तेव्हा बायकांच्या क्लबकडून खेळायला लागली. म्हणजे क्लब होते, सामने होते, खेळणाऱ्या मुली होत्या. नव्हती ती पुढची वाट. क्लबमधून निघून देशाच्या संघात जायचं, तर बायकांचा तसा संघच नव्हता. आणि असता तरी त्याच्याशी खेळणार कोण?

कारण वर्णद्वेषामुळे जगाने दक्षिण आफ्रिकेला वाळीत टाकलं होतं. 'फिफा' ही जागतिक फुटबॉलची सर्वोच्च संघटना. तिने १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निलंबित केलं, मधे थोडी सूट दिली, १९६४ मध्ये पुन्हा निलंबित केलं. १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्याच वर्षी फिफाने या देशाला बाहेरच काढलं. दार पुन्हा उघडलं ते थेट जुलै १९९२ मध्ये, नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटून दोन वर्षं झाल्यावर.

हा बहिष्कार योग्यच होता. अन्याय करणाऱ्या सरकारशी खेळीमेळीने खेळायचं कसं? पण त्याची किंमत कुणी मोजली तेही बघा. ज्या लोकांच्या बाजूने जग उभं राहिलं, त्यांच्याच पोरी घरी बसल्या. आता जरा आकडेमोड करा. डेझिरी क्लबमध्ये खेळायला लागली तेव्हा पंधराच्या आसपास. देशासाठी पहिला सामना खेळली तेव्हा पूर्ण तीस वर्षांची. फुटबॉलसारख्या धावपळीच्या खेळात वीस ते अठ्ठावीस हा खरा बहराचा काळ. या खेळातल्या कितीतरी जणी तिशीत निवृत्तीचा विचार करायला लागतात, त्या वयात हिची सुरुवात झाली. तिची पंधरा वर्षं गेली, ती कुणीही परत देऊ शकत नाही.

आणि एवढी वर्षं वाट पाहिल्यावर संधी आली, तेव्हा ती रिकाम्या हाताने आली. देशाने संघ केला, पण संघातल्या बायकांची चूल कशी पेटणार याची सोय केली नाही. खेळायला जायचं तर रजा हवी, रजेचा पगार हवा, परत आल्यावर कामाची जागा हवी. यातलं काहीच नव्हतं. सरकार बदलत होतं, इतिहास घडत होता. फक्त तिच्या कामाच्या ठिकाणचं हजेरीचं पुस्तक तसंच होतं.

मैत्रिणींनो, तुम्हाला हे ओळखीचं वाटतंय ना? कायदा होतो, योजना येते, फलक लागतो. आणि आपण त्या दारापर्यंत पोहोचणार कशा, याचा विचार करायचा तेवढा राहून जातो. तालुक्याला प्रशिक्षण आहे, पण ते दुपारी बारा ते चार, म्हणजे रोजगार बुडवून. ग्रामसभेत बायकांनी बोलावं असं सगळे म्हणतात, आणि सभा असते स्वयंपाकाच्या वेळेला. आपल्याला संधी मिळते. सवड मिळत नाही. सवडीशिवायची संधी म्हणजे फोटोतली भाकरी.

डेझिरी मात्र खेळत राहिली. ती कशी राहिली, याचं कौतुक मी करणारच, ते कुठे जाणार? पण पुढचा आकडा बघा. १९९३ ते २००२ या नऊ वर्षांत तिच्या नावावर आंतरराष्ट्रीय सामने आहेत ३२. म्हणजे वर्षाला तीन-चार! एखाद्या सुगरणीला वर्षातून चारदाच चुलीपुढे बसू द्यायचं आणि मग विचारायचं, हात का नाही बसला, अशातली गत.

या संघाच्या नावाचीही एक गंमत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पुरुष संघाचं लाडकं नाव 'बाफाना बाफाना', म्हणजे 'पोरं पोरं'. त्यावरून बायकांच्या संघाला म्हणू लागले 'बान्याना बान्याना', म्हणजे 'पोरी पोरी'. नावं जोडीची, लाड सारखे. प्रत्यक्षात? १९९६ साली पोरांनी मायदेशात आफ्रिका चषक जिंकला. चषक द्यायला मंडेला स्वतः संघाची जर्सी घालून आले. सगळा देश रस्त्यावर नाचला. पोरींच्या चषकाला त्यानंतर आणखी सव्वीस वर्षं लागली.

पोरी कमी पडल्या असं कुणी म्हणेल. तसं नाही. १९९५ साली आफ्रिकेच्या स्पर्धेत त्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या, तिथे नायजेरियाने हरवलं. महिलांच्या विश्वचषकात तेव्हा अख्ख्या आफ्रिका खंडासाठी जागा होती फक्त एक. ती नायजेरियाकडे गेली. २००० साली मायदेशात पुन्हा अंतिम सामना, पुन्हा नायजेरिया. नायजेरिया दोन गोलांनी पुढे असताना प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की सामना मधेच थांबवावा लागला. २००२ मध्ये डेझिरीच्या नेतृत्वाखाली संघाने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांची 'कोसाफा' स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी, एकोणचाळीसाव्या वर्षी, ती थांबली. खेळाडू म्हणून विश्वचषक तिला कधीच खेळता आला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर नवल नव्हतं. किती जणींची अशीच संपते! घरात शोकेसमध्ये दोन-चार पदकं, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पाहुणे आले की "अहो, ही पूर्वी खेळायची बरं का!" एवढंच. डेझिरी खेळाला चिकटून राहिली. २०१० मध्ये पुरुषांचा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत भरला, तेव्हा त्याच्या सदिच्छादूतांमध्ये तीही होती. पुढे व्हेरा पाऊ या डच प्रशिक्षक संघाला लाभल्या, त्यांच्या हाताखाली ती सहायक झाली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर पाऊ गेल्या आणि संघाची सूत्रं डेझिरीकडे आली. पण कशी? हंगामी म्हणून.

हा 'हंगामी' शब्द आपल्या किती जवळचा! प्रभारी मुख्याध्यापिका, तात्पुरती सेविका, कंत्राटी परिचारिका. काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण, फक्त खुर्ची अर्धी. डेझिरीने हंगामी प्रशिक्षक म्हणून वर्षाहून जास्त काळ काढला. या काळात आफ्रिका स्पर्धेत संघ चौथा आला, २०१७ मध्ये कोसाफा चषक जिंकला. मग कुठे फेब्रुवारी २०१८ मध्ये तिची नेमणूक कायम झाली. पहिल्याच सामन्यातली हॅटट्रिकवाली, माजी कर्णधार, वय वर्षं चोपन्न. तरी आधी परीक्षा द्या, मग बघू!

तिने परीक्षाही दिली. २०१८ च्या अखेरीस घानात झालेल्या आफ्रिका स्पर्धेत संघ अंतिम फेरीत गेला. तिथे नायजेरियाशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पेनल्टीत हार पत्करावी लागली. पण तोवर २०१९ च्या विश्वचषकाचं तिकीट हातात आलं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या महिला पहिल्यांदा विश्वचषकाला निघाल्या. खेळाडू म्हणून जे दार डेझिरीला उघडलं नाही, त्यातून ती छप्पन्नाव्या वर्षी आत गेली, पोरींना पुढे घालून. फ्रान्समध्ये तिन्ही सामने हरले. स्पेनकडून, चीनकडून, जर्मनीकडून. घरी टीका झाली असणारच, आपल्याकडे काय कमी होते? पण पहिल्यांदा पोळपाट हाती घेणारीची पोळी गोल येत नाही म्हणून कुणी पोळपाट काढून घेत नाही. निदान घेऊ नये.

मग आला जुलै २०२२. मोरोक्कोची राजधानी रबात, समोर यजमान मोरोक्कोचा संघ, आणि स्टेडियममध्ये पंचेचाळीस हजारांहून जास्त प्रेक्षक, बहुतेक सगळे मोरोक्कोचे. याआधी दक्षिण आफ्रिकेच्या बायका पाच वेळा या स्पर्धेत उपविजेत्या राहिल्या होत्या. पाच वेळा! २३ जुलैच्या त्या रात्री हिल्दा मगायाने दोन गोल केले, मोरोक्कोला एकच करता आला, आणि बान्याना बान्याना पहिल्यांदा आफ्रिकेच्या विजेत्या झाल्या. डेझिरी एकोणसाठ वर्षांची होती.

आता बक्षिसाचं बोलू. पैशाचं बोललं की बायका लोभी दिसतात, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. तरीही बोलू. या विजेतेपदाची रक्कम होती पाच लाख डॉलर, आणि तीसुद्धा आधीच्यापेक्षा खूप वाढवलेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कॅमेरूनमध्ये झालेल्या पुरुषांच्या आफ्रिका चषकाच्या विजेत्यांना मिळाले होते पन्नास लाख डॉलर. खंड तोच, संघटना तीच, मैदानाची लांबी-रुंदीही तीच. शून्य मात्र एक कमी.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं. "अहो, पुरुषांचे सामने जास्त लोक बघतात, जाहिराती जास्त मिळतात, म्हणून पैसा जास्त." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण हे लोक सामने बघायला लागले कसे? वर्षानुवर्षं पैसा ओतला, मैदानं बांधली, लीग भरवल्या, टीव्हीवर दाखवलं, तेव्हा. दक्षिण आफ्रिकेत बायकांची देशपातळीवरची लीग सुरू झाली २०१९ साली! तोवर प्रांतापुरत्या स्पर्धांवर भागवलं जात होतं. ज्या रोपाला पाणीच घातलं नाही, त्याला फळं कमी लागतात म्हणून खत बंद करायचं, हा कुठला न्याय?

खरा कहर झाला तो पुढच्या वर्षी. जुलै २०२३. विश्वचषक तीन आठवड्यांवर. जोहान्सबर्गजवळच्या त्साकाने गावात बोट्स्वानाविरुद्ध निरोपाचा सामना ठेवलेला. आफ्रिकेच्या विजेत्या पोरींनी खेळायला नकार दिला. आमच्या मानधनाचं कागदावर काय ते सांगा, आणि हे मैदान खेळण्याच्या लायकीचं नाही, दुखापत झाली तर विश्वचषक हुकेल, एवढंच त्यांचं म्हणणं. मग संघटनेने काय केलं? घाईघाईने दुसऱ्या मुली गोळा करून मैदानात उतरवल्या. त्यात एक तर अवघी तेरा वर्षांची होती. पाच-शून्य असा पराभव झाला. शेवटी मोत्सेपे फाउंडेशन या खासगी संस्थेने साठ लाख रॅंड देऊन तिढा सोडवला.

इथे मला थांबून विचारावंसं वाटतं. १९९३ मध्ये देशासाठी खेळली म्हणून एकीची नोकरी जाते. तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच देशासाठी खेळणाऱ्या तेवीस जणींना आपल्या मेहनतान्यासाठी अडून बसावं लागतं. मधल्या काळात राज्य बदललं, घटना बदलली, चषक आला. 'देशासाठी खेळतेस ना, मग पैसे कसले मागतेस?' ही वृत्ती काही हलली नाही. मात्र एक फरक पडला, आणि तो मोठा आहे. डेझिरी तेव्हा एकटी होती. तिला निमूट घरी जावं लागलं. या पोरी तेवीस होत्या आणि त्या एकत्र बसून राहिल्या. नकार एकटीने दिला की ती उद्धट ठरते. सगळ्यांनी मिळून दिला की त्याची मागणी होते.

आणि मानधन मागून खेळणाऱ्यांचं मन खेळात नसतं म्हणणाऱ्यांना उत्तर महिन्याभरात मिळालं. २ ऑगस्ट २०२३, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. आधी स्वीडनकडून शेवटच्या क्षणी हार, अर्जेंटिनाशी बरोबरी. आता इटलीला हरवलं तरच पुढची फेरी, बरोबरी झाली तर घरी. नव्वद मिनिटं संपली तेव्हा गोल दोन-दोन. जादा वेळेतल्या दुसऱ्या मिनिटाला थेंबी खात्लानाने चेंडू जाळ्यात टाकला. ही थेंबी वर्षापूर्वीच्या आफ्रिका स्पर्धेत टाचेची शीर तुटून खाटेवर पडली होती. तीन-दोन! तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा कुठलाच वरिष्ठ संघ, पुरुषांचा किंवा बायकांचा, विश्वचषकाच्या बाद फेरीत पोहोचला नव्हता. ते पोरींनी केलं. पुढच्या सामन्यात नेदरलँड्सने त्यांना हरवलं, पण इतिहास लिहून झाला होता. मैदानाच्या कडेला उभी असलेली त्यांची प्रशिक्षक साठ वर्षांची होती. २०२५ च्या आफ्रिका स्पर्धेतही संघ तिच्याच देखरेखीखाली उपांत्य फेरीपर्यंत गेला.

हे सगळं आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. कुठे ते केप टाउन, कुठे आपलं तालुक्याचं गाव! पण आफ्रिकेच्या मुलींचा फुटबॉल आपल्या दारापर्यंत येऊन गेलाय. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला, आणि त्याच दिवशी तिथेच नायजेरियाच्या पोरींनी जर्मनीला पेनल्टीत हरवून तिसरा क्रमांक पटकावला. आपल्याही मुली त्या स्पर्धेत खेळल्या. म्हणजे आपल्या लेकींनी मोठं मैदान पाहिलंय. प्रश्न आहे तो तिथपर्यंतच्या रस्त्याचा.

या रस्त्यावर सरकारने काही दिवे लावले आहेत, हे मान्य. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते. पण हे दिवे रस्त्याच्या शेवटाला आहेत. जी आधीच पदक घेऊन आली, तिच्यासाठी. जी कपड्यांच्या दुकानात उभी राहते, पापडाच्या कारखान्यात बसते, शेतात खुरपायला जाते, तिला कुठली विशेष रजा? मसाले मिसळणाऱ्या डेझिरीला जी हवी होती, ती रजा आजही तिच्यासारख्या मुलीला मिळेल का? मालकाने दिली तर उपकार, नाही दिली तर नशीब.

आणि मालकाकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही एक बोट वळवायला हवं. मुलगी सातवी-आठवीत जाते आणि तिचं मैदान हळूहळू आक्रसायला लागतं, हे आपण रोज बघतो. तिला कुणी 'खेळू नकोस' असं तोंडावर म्हणत नाही. फक्त संध्याकाळी पाच वाजता पाणी भरायचं असतं, धाकट्याला सांभाळायचं असतं, पाहुणे आलेले असतात. भाऊ त्याच वेळी बॅट घेऊन बाहेर पडतो आणि त्याला कुणी अडवत नाही. मग पाळी येते, मग "आता मोठी झालीस" येतं, मग दहावीचं वर्ष येतं. एक दिवस तिचे बूट माळ्यावर जातात. वर्णद्वेषाचा कायदा लागत नाही त्याला. घरातलं वेळापत्रक पुरतं.

"सगळ्याच मुली काही खेळाडू होणार नाहीत," हे अगदी खरं. सगळे मुलगेही होत नाहीत. तरी त्यांची संध्याकाळ त्यांची असते. मुलीने ती संध्याकाळ मागायला आधी पदक दाखवावं, ही अट कशाला? आणि खेळ म्हणजे फक्त पदकही नव्हे. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहणं, आपली जागा सोडून दुसरीला मदतीला धावणं, पंचाकडे दाद मागणं, हे मैदानच शिकवतं. त्साकानेतल्या पोरी एकीने बसून राहिल्या, ती एकी त्यांनी काही भाषणं ऐकून आणली नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, डेझिरी एलिसची गोष्ट लेकीला जरूर सांगा. पण "बघ, तिने कसं सोसलं" असं म्हणून थांबू नका. गोष्ट ऐकून उपदेश करायचाच असेल तर तो लेकीला नको. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, मुलींचा खेळाचा तास खरंच होतो का, की त्या वेळेत वर्ग झाडून घेतले जातात. बचत गटाच्या बैठकीत ठरवा, गटाच्या उद्योगात काम करणारी कुणी स्पर्धेला निघाली तर तिचा रोज कापायचा नाही. हाताखाली कामाला मुली असतील तर त्यांना चार दिवसांची सुट्टी द्या आणि परत आल्यावर तिची जागा तिच्यासाठी ठेवा. नवऱ्याला सांगा, लेकाला सांगा, संध्याकाळचं पाणी आळीपाळीने भरायचं.

जिद्द आपल्या मुलींकडे भरपूर आहे. ती त्यांना आपल्याकडून उसनी नकोय. आपण फक्त एवढंच विचारायचं, "सराव किती वाजता आहे गं?" आणि त्या वेळेला तिला हाक मारायची नाही.